पोट्टीले हळद लावू नका

"ओ ताई, ते टेप नका लावू."

दातांत सेलोटेपचं टोक, दोन्ही हातांत शेवंतीची माळ आणि नवरदेव निघायला जेमतेम तासभर... अशा वेळी मागून कुणी 'ताई' म्हणून हाक मारली, तर समोरच्या बाईने गोड बोलावं अशी अपेक्षा ठेवू नये. मी टेप तोंडातून काढली आणि वळले.

अमरावतीत बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयासमोर पांढरी गाडी उभी होती, आणि ती सजवायचं काम माझं होतं. आमचा मळा फुलांचा, इतवारा बाजारात दुकान फुलांचं, आणि लग्नसराईत गाड्या सजवायच्या त्या मी. आजवर कितीतरी गाड्या सजवल्या, कुणी ब्र काढला नव्हता. हा पहिलाच. उंच, सावळा, खांद्यावर निळं मऊ फडकं, आणि चेहरा असा की मी जणू त्याच्या घरच्या माणसाला चिमटा काढत होते.

"काहून नको?" मी विचारलं.

"चिकट राह्यते त्याच्यात. ह्या उन्हात ते भाजून रंगाले धरून बसते. ओढून काढलं का वरची चमक बी संगं घेऊन येते." तो सावकाश बोलत होता, घाई माझी होती. "कालच तयार केली मी हे पोट्टी. अकोल्यावरून सोडाले आलो."

"कोण पोट्टी?"

"हे काय, उभी आहे तुमच्यापुढं."

मला हसूच आलं. आमच्या वऱ्हाडात मुलीला पोट्टी म्हणतात. हा बुवा गाडीला म्हणत होता, आणि त्यात आपण काही वेगळं बोललो असं त्याच्या गावीही नव्हतं.

"मंग फुलं काय हवेत टांगू?"

तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग खांद्यावरचं निळं फडकं काढलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि टर्रकन त्याच्या पट्ट्या फाडल्या. एक पट्टी बॉनेटच्या फटीतून, एक दाराच्या मुठीतून, एक आरशाच्या दांडीतून... आणि त्या पट्ट्यांना माळा बांधायच्या. रंगाला गाठ लागायला नको, तार लागायला नको. मी माळ पुढे सरकवायला लागले तसा म्हणाला, "ओढू नका. उचला."

मी उचलली. दुसरं टोक त्याने उचललं. माळ मध्ये, आम्ही दोन बाजूंना, आणि बॉनेटमध्ये आमची दोघांची तोंडं दिसत होती — माझं घामेजलेलं, त्याचं गंभीर. मी बॉनेटमधल्या त्याच्याकडे पाहिलं आणि नेमकं त्याच वेळी त्यानेही बॉनेटमधल्या माझ्याकडे. दोघांनीही एकदम माळेकडे पाहायला सुरुवात केली. माळेत पाहण्यासारखं काही नव्हतं.

गाडी झाली. नेहमीपेक्षा देखणी झाली, हे मी त्याला सांगितलं नाही.

"एक सांगू?" मी म्हटलं. "पुन्हा भेटले तर मले ताई म्हणू नका."

"मंग काय म्हणू?"

"पौर्णिमा."

"मी ललित." मग जरा थांबून, जमिनीकडे पाहत, "बरं झालं सांगितलं."

"काय बरं झालं?"

"...काही नाही."

आता घरचं सांगते, म्हणजे माझी पंचाईत कळेल. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. एक म्हणजे माझं लग्न. यवतमाळचं स्थळ आलं होतं, मुलाचं नाव योगेश. चहा-पोहे झाले, त्यांची पसंती आली, आता होकार द्यायचा तो आम्ही. योगेश चांगला होता. बोलायला नीट, वागायला साधा, आईला बघताक्षणी आवडलेला. नाही म्हणायला एकही कारण नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. कारण असतं तर मी कधीच पुढे केलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी. माझ्या बाबांनी, भगवंतरावांनी, अकोटच्या एका जिनिंगवाल्याकडून जुनी काळी गाडी घेतली. लग्नाला फुलंही आमची आणि गाडीही आमची, असा त्यांचा बेत. इंजीन धडधाकट होतं, पण रंग पाहून आईने पदर तोंडाला लावला. कितीतरी वर्षं जिनिंगच्या आवारात चिंचेखाली उभी राहिलेली गाडी. वर पाखरांची घाण, कापसाची धूळ आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग.

"हे नवरीची गाडी हाये का सरपणाची?" आईने विचारलं.

"अकोल्यात एक जण आहे," मी म्हटलं. "तो करून देईन."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण गाडी अकोल्याला पाठवली. मग काम कसं चाललंय ते बघायला कुणीतरी जायला हवं होतं. मी गेले. पुन्हा गेले. घरात सांगायला कारण चोख होतं, आणि एसटी तर दिवसभर चालूच असते.

ललितचं वर्कशॉप म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड आणि पुढे लिंबाची सावली. पहिल्यांदा गेले तेव्हा तो काळ्या गाडीवर नुसतं पाणी सोडत होता. हात लावत नव्हता, फडकं लावत नव्हता, पाणी मात्र चाललंच होतं.

"धुवाचं सोडून काय करून राहिले?"

"धूळ उतरून राहिलो. धुळीवरच फडकं फिरवलं का खडे रंगावर ओरखडे पाडतात. लोकं म्हणतात, रोज पुसतो तरी चमक जाते. अरे, पुसून पुसूनच जाते." त्याने माझ्याकडे पाहिलं. "अन् इथलं बोअरचं पाणी नाही वापरत मी. आपला पट्टा खारपाणाचा, सुकलं का पांढरे डाग. नळाचं पाणी साठवून ठेवतो."

"पोट्टीचे लय लाड आहेत."

"राह्यतेच ना. तिले आतापर्यंत कोणी धड हात लावला नाही."

दोन बादल्या होत्या, एक फेसाची आणि एक साध्या पाण्याची. फडकं आधी साध्या पाण्यात झटकायचं, मगच फेसात बुडवायचं. वरून सुरू करायचं आणि खाली यायचं. त्याने एक फडकं मला दिलं आणि मी भांडी घासल्यासारखी गोल गोल फिरवायला लागले. त्याने माझ्या मनगटाला... नाही, धरलं नाही. धरायला आलेला हात वाटेतच थांबला आणि त्याने हवेतच दाखवलं.

"सरळ. गोल नाही. गोल फिरवलं का उन्हात जाळं दिसते."

"हात धरून दाखवलं तर काय जाळं पडणार आहे?"

त्याचे कान लाल झाले. तो साध्या पाण्याच्या बादलीत काहीतरी शोधायला लागला, जिच्यात पाण्याशिवाय काही नव्हतं. मला फार मजा वाटली. परतीच्या एसटीत बसल्यावर मात्र मजा वाटेना. पुढचं काम कधी, हे मी पुन्हा पुन्हा मोजत होते.

गाडी हळूहळू काळी व्हायला लागली. आधी ती राखाडी होती, मग पाटीसारखी झाली. मशीनने पॉलिश करताना तो एका वेळी टीचभर जागा घ्यायचा, थांबायचा, पालथ्या हाताने पत्रा तापला का ते बघायचा, मग पुढची टीचभर. एकदा त्याने झालेल्या टपावर तांब्याभर पाणी शिंपडलं. पाणी पसरलं नाही. साबुदाणे सांडावेत तसे थेंब गोळा झाले आणि घरंगळत खाली आले. मी हात लावायला गेले, आणि थांबून त्याच्याकडे पाहिलं.

"लाव," तो म्हणाला. "तुह्यासाठी चालते."

'तुमी'चं 'तू' कधी झालं ते मला कळलं नाही, पण त्या 'तुह्यासाठी'नंतर टपावरचा हात मी लवकर काढला नाही. मला तो आवडत होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता, निदान स्वतःपासून तरी. पण हा माणूस बोलेल तर ना. टीचभर पुढे यायचा आणि थांबायचा. आणि घरी बाबांनी सांगून टाकलं होतं की येत्या रविवारी यवतमाळला कळवायचं, लोकांना किती टांगून ठेवणार.

म्हणून त्या आठवड्यात मी मुद्दामच विषय काढला. तो दार पुसत होता.

"मले पाहून गेले यवतमाळचे."

फडकं थांबलं. "...चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मंग?"

"मंग काय? रविवारी सांगाचं आहे."

फडकं पुन्हा फिरायला लागलं, त्याच दारावर, आधीच लख्ख असलेल्या जागेवर. आता बोलेल, मग बोलेल... मी लिंबाखाली उभी. एक रिक्षा गेली. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"आता शेवटचा थर देतो," तो म्हणाला. "तो पक्का व्हाले आठ-दहा दिवस लागतात."

"लागू दे," मी म्हटलं आणि मिळेल त्या गाडीने घरी आले. इतका राग आला होता की बडनेरा येईपर्यंत मी खिडकीबाहेर काय पाहिलं ते आठवत नाही.

गाडी आणायला बाबा एकटेच गेले. मी गेले नाही. त्यांनी येऊन सांगितलं, "पोट्टा चांगला हाये, पण जरा घाबरा वाटला. मी बोलून राहिलो अन् तो माह्या मांगं पाहून राहिला. मांगं कोणीच नव्हतं." मला बरं वाटलं, आणि वाईटही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची पूजा होती. आई हळदीचं स्वस्तिक काढायचं म्हणून तयारीला लागली होती. पूजेच्या आदल्या दुपारी मी दुकानात हार ओवत बसले होते आणि फोन पिशवीत, फुलांच्या ढिगाखाली. संध्याकाळी घरी आले तर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले. दिवा लावला नव्हता, टीव्ही लावला नव्हता. आई दारात उभी होती.

"त्या अकोल्याच्या पोट्ट्याचा फोन आलता," बाबा म्हणाले. "तुह्यावाला लागला नाही म्हणून मले केला."

"काय म्हणे?"

बाबांनी घसा खाकरला. "म्हणे, काका, हात जोडतो, पोट्टीले हळद लावू नका."

मी पिशवी खाली ठेवली.

"मी म्हटलं, काहून गा? तर म्हणे, लय जीव लावला मी तिले. आता हळद लागली का संपलं, मंग काही केलं तरी निघत नाही. म्हणे, आठ दिवस थांबा, अन् तिले उन्हात उभी नका ठेवू." बाबांचा आवाज चढला. "मी बाप हावो तिचा. मी तिले उन्हात उभी करीन? वरून म्हणे मी उद्या सकाळी येतो, तोवर कोणाचा हात लागू देऊ नका. अन् ठेवून देला."

मला आधी हसू आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. मला सगळं स्वच्छ कळलं होतं. शेवटचा थर अजून कच्चा, त्यावर हळद पडली की पिवळा डाग कायमचा बसणार. बाबांच्या मागे मी दिसते का ते पाहण्याच्या नादात तो तेव्हा सांगायचं विसरला, मग आठवलं आणि घाबरून फोन केला. आणि सवयीप्रमाणे गाडीला पोट्टी म्हणाला. इकडे रविवार तोंडावर, घरात सगळं बोलणं लग्नाच्या हळदीचं. बाबांनी दुसरं काय समजावं?

"पौर्णिमा," बाबांनी विचारलं, "तो जे बोलला, ते बरोबर हाये?"

एक वाक्य पुरलं असतं. 'बाबा, तो गाडीबद्दल बोलत होता.' बाबा हसले असते, आई हसली असती, आणि रविवारी यवतमाळला होकार गेला असता.

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

आईने दाराची चौकट धरली. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ धूतच राहिले.

सकाळी तो मोटरसायकलवरून आला, अकोल्याहून इथवरची सगळी धूळ अंगावर घेऊन. फाटकातून आत आला तो सरळ गाडीपाशी. वाकून बॉनेट तिरक्या नजरेने पाहिलं, टप पाहिला, आणि सुटकेचा श्वास सोडला.

"नाही लावली ना हळद?"

"नाही लावली," बाबा म्हणाले. "बस."

तो बसला. आई पूजेचं ताट घेऊन दारात, तिच्यामागे मी. मला त्याला खूण करायची होती, पण तो बघेल तर ना.

"काल बोलला ते शुद्धीत बोलला?"

"हो काका. आधीच सांगाले पाह्यजे होतं. माहं चुकलं."

"कवापासून जीव हाये?"

त्याने गाडीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. "पहिल्या दिवसापासून. अकोटवरून आणली ना, तवा तिच्याकडं पाहवत नव्हतं."

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "माही पोरगी अकोटले कवा गेलती?"

"...पोरगी?"

बाबांनी मग एकेक करून सगळं सांगितलं. यवतमाळचं स्थळ, रविवार, फोनवर आपण काय ऐकलं ते, आणि त्यावर पौर्णिमा 'हो' म्हणाली तेही. ललितने पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. आईच्या खांद्यावरून मी त्याच्याकडे पाहत होते. बॉनेटमधून नाही, सरळ.

त्याने नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. पण तो तसा नव्हता.

"काका, खोटं नाही बोलत," तो म्हणाला. "कालचा फोन गाडीसाठीच होता."

आईच्या हातातलं ताट खणकन वाजलं. मी खाली फरशीकडे पाहिलं. संपलं, मला वाटलं.

"पण..." त्याने हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पण तुमी जे समजले, ते काही चूक नाही समजले."

"म्हणजे?"

"म्हणजे पौर्णिमाले बी लावू नका. यवतमाळची हळद."

नवऱ्याला लागलेली उष्टी हळदच नवरीला येते, हे बाबांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मंग कुठली लावू?"

तो उठून उभा राहिला. धुळीने भरलेला, कान लालबुंद, पण नजर वर. "अकोल्याची," तो म्हणाला. "तुमी द्यान तर. अन् पौर्णिमा हो म्हणन तर."

बाबा वळून माझ्याकडे आले. "तुले काल माहीत होतं? हे गाडीचं हाये म्हणून?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी विचारलं, तो बोलला ते बरोबर हाये का," मी म्हटलं. "मले वाटे बाबा, ते माह्याबद्दल असावं. योगेश चांगला आहे. पण मले हा पाह्यजे."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने ताट खाली ठेवलं आणि पदराने डोळे टिपले, पण तिच्या तोंडावर हसू होतं. बाबांनी खिशातून फोन काढला. "यवतमाळच्या माणसायले रविवारपर्यंत कायले ताटकळत ठेवाचं," असं पुटपुटत ते आत गेले. जाताना थांबून ललितला म्हणाले, "तुह्या बाबाले घेऊन ये. अन् त्यायच्यासमोर तरी नीट नाव घेऊन बोल." आईही त्यांच्यामागे गेली, अगदी मुद्दाम.

अंगणात आम्ही दोघं आणि काळी गाडी. सकाळचं ऊन अजून फाटकापाशीच होतं.

"कवा बोलणार होता तू?" मी विचारलं. "रविवार झाल्यावर?"

"रोज ठरवत होतो."

"अन् मी काल बाबांले खरं सांगून टाकलं असतं तर?"

तो विचार करत राहिला, नेहमीसारखा. "तर आज मी गाडी पाहून वापस गेलो असतो," तो म्हणाला. "अन् मंग सारी जिंदगी..."

पुढचं त्याला बोलवेना. मीही बोलायला लावलं नाही. बाबा आत फोनवर यवतमाळच्यांची माफी मागत होते, आणि मी ललितच्या हाताला हात लावला. या वेळी मात्र त्याने तो धरायला मुळीच उशीर केला नाही.